सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही: फ्युएल पंपाचा रिले घरी सुरक्षितपणे कसा तपासायचा

चावी फिरवली की सेल्फ नेहमीच्या जोरात फिरतो. दिवे मंद होत नाहीत, हॉर्न खणखणीत वाजतो, पण इंजिन पेट घेत नाही. वीस मिनिटं थांबून पुन्हा चावी फिरवावी तर काही झालंच नव्हतं अशी गाडी सुरू. दोन दिवस नीट चालते आणि तिसऱ्या दिवशी नाशिकच्या द्वारका चौकात, मागे ट्रकची रांग लागलेली असताना, पुन्हा बंद पडते.

मी अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होतो. पॅनलमधले कॉन्टॅक्टर आणि रिले (विजेच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारे स्विच) तपासण्यात नोकरीची बरीच वर्षं गेली, त्यामुळे नात्यातली आणि सोसायटीतली ही तक्रार माझ्या दारात येते. आजवर आठ-नऊ गाड्या पाहिल्या. त्यात रिले स्वतः खराब झालेला चारदा निघाला. बाकीच्या वेळी कुठे फ्यूज, कुठे उंदराने कुरतडलेली वायर, कुठे पंप. पण प्रत्येक वेळी दोष कुठल्या बाजूला आहे ते कळलं रिलेच्या सॉकेटवरच, कारण बॅटरी, चावी, इंजिनाचा कॉम्प्युटर आणि पंप या चौघांच्या वायरी तिथेच एकत्र येतात. माझ्या मेहुण्यांच्या गाडीला एका गॅरेजात काही न मोजता नवा पंप बसवला. काही हजार गेले आणि चौथ्या दिवशी गाडी पाथर्डी फाट्यावर तशीच उभी राहिली. दोष दोन-तीनशे रुपयांच्या रिलेत होता. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

हे सगळं टाकीत इलेक्ट्रिक पंप असलेल्या पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांबद्दल आहे. कार्बोरेटरच्या बहुतेक जुन्या गाड्यांत पंप इंजिनावर बसवलेला आणि यांत्रिक असतो, तिथे हा रिलेच नसतो. डिझेलची रचना वेगळी. हायब्रीड गाडी असेल तर नारिंगी वायरींच्या आसपासही हात नेऊ नका.

लक्षणं

रिलेचा स्वभाव असा की आहे तर पूर्ण आहे, नाही तर अजिबात नाही. म्हणून त्याची लक्षणंही तशीच असतात. चावी 'ऑन'ला नेल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद येणारी घूंऽ अशी गुणगुण येत नाही आणि गाडी सुरू होत नाही. किंवा चालती गाडी झटक्यात बंद होते, जणू कोणी चावी काढून घेतली. खड्ड्यात आदळल्यावर बंद पडते, पुढच्या धक्क्याला सुरू होते. सकाळी एका सेल्फात सुरू होणारी गाडी दुपारी, बॉनेट तापल्यावर, हट्टाला पेटते आणि थंड झाली की शहाणी होते. रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकं टकटक केलं की सुरू होते.

याच्या उलटही एक लक्षण आहे. चावी काढली तरी मागे गुणगुण चालूच राहते आणि सकाळी बॅटरी उतरलेली असते. आतले कॉन्टॅक्ट, म्हणजे वीज जोडणारी धातूची टोकं, वितळून एकमेकांना चिकटले की असं होतं. हे दिसलं तर रिले ताबडतोब काढून ठेवा, तपासणी नंतर करू.

आता रिलेचा दोष नसतो ते कधी? गाडी चढाला ओढत नाही, कसारा घाटात तिसऱ्या गिअरमध्ये गचके खाते, पिकअप हळूहळू कमी होत गेला आहे, ही लक्षणं बहुतेकदा चोंदलेल्या फिल्टरची किंवा थकलेल्या पंपाची. अर्धवट पेट्रोल सोडणारा रिले क्वचितच सापडतो. आणि चावी फिरवल्यावर बॉनेटखालून नुसतं टकटकटक होतं, सेल्फच फिरत नाही, तर ती बॅटरीची किंवा सेल्फची गोष्ट आहे.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्का झालं तरी एक ठिणगी पुरते, आणि पेट्रोल उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं. म्हणजे निफाडच्या कडाक्याच्या थंडीतही ते आपल्यासाठी 'थंड' नसतं. म्हणून हे काम सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये करायचं नाही. गाडी ढकलून उघड्यावर आणा. हँडब्रेक, न्यूट्रल, ऑटोमॅटिक असेल तर 'पार्क'. जवळ अग्निशामक ठेवा, एबीसी पावडरचा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर ती पसरते.

हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीचा प्लस आणि बॉडी यांच्यामध्ये कडं सापडलं तर ते क्षणात लाल होतं. हे मी कारखान्यात एकाच्या मनगटावर पाहिलंय आणि विसरलेलो नाही.

सगळ्यात पहिली तपासणी नाकाने करा. गाडीभोवती फिरा, बॉनेट उघडा, मागचं दार उघडून सीटपाशी वाकून वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा खाली ओल दिसली तर तपासणी तिथेच संपली. चावी 'ऑन' करायची नाही, बॅटरीची वायर काढायला जायचं नाही, कारण ती काढतानाही ठिणगी उडते. गाडीपासून लांब व्हा आणि मेकॅनिकला जागेवर बोलवा.

फुकटच्या तपासण्या

काट्यावर विसंबू नका. दोन वेळा मला बोलावणं आलं ते रिकाम्या टाकीसाठी, आणि दोन्ही गाड्या सीएनजीच्या होत्या. नाशकात सीएनजी लावलेल्या गाड्या आता घरोघरी आहेत. त्यातल्या बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होतात आणि इंजिन जरा तापल्यावर गॅसवर जातात. मालकाला वाटतं गॅस भरलेला आहे, आणि टाकीत पेट्रोलचा टिपूसही नसतो. पाच लिटर टाकून पाहा.

मग मीटरमधला इमोबिलायझरचा दिवा पाहा, चावीचं किंवा कुलपाचं चित्र असतं तो. चावी 'ऑन' असताना तो लुकलुकत राहिला तर गाडीने चावी ओळखलेली नाही, आणि अशा वेळी काही गाड्या पंपही चालू होऊ देत नाहीत. दुसरी चावी लावून पाहा. काही गाड्यांत धक्का लागल्यावर पेट्रोल तोडणारा वेगळा स्विचही असतो. पार्किंगमध्ये मागून कोणी ठोकलं असेल तर मालकाच्या पुस्तिकेत त्याची जागा शोधून त्याचं बटण दाबा, पण त्याआधी कुठे गळती नाही ना ते बघा.

आता गुणगुण ऐकायची. काचा बंद, एसीचा पंखा आणि रेडिओ बंद. एकाने मागच्या सीटवर बसायचं, दुसऱ्याने चावी 'ऑन'ला न्यायची, सेल्फ मारायचा नाही. बटण स्टार्टची गाडी असेल तर क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दाबत 'ऑन'पर्यंत यायचं. आवाज आला, दोन-तीन सेकंदांनी थांबला, तर हे बरोबर आहे. थांबला म्हणून घाबरू नका. इंजिन फिरत नाही हे कॉम्प्युटरला कळतं म्हणून तो स्वतः पंप बंद करतो. अपघातात इंजिन बंद पडलं तर फुटलेल्या पाइपातून पेट्रोल वाहत राहू नये यासाठी ही योजना आहे. पुढे जोडवायरीबद्दल लिहिणार आहे तेव्हा हे वाक्य आठवा.

आवाज दर वेळी नीट येतोय, तरी गाडी सुरू होत नाही? मग रिलेच्या मागे लागू नका. स्पार्क, क्रँक सेन्सर किंवा पेट्रोलचा दाब, यांपैकी कुठेतरी दोष आहे, आणि त्यासाठी स्कॅनर लागतो. मात्र दोष अधूनमधून येत असेल तर गाडी बंद पडलेल्या क्षणीच आवाज ऐका. चालू अवस्थेत ऐकून काही कळत नाही.

आवाज येत नसेल तर बॅटरी मोजा. चार-पाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास चांगली, १२.२ म्हणजे अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना १० च्या खाली जात असेल तर आधी बॅटरी आणि तिची टोकं नीट करा. कमी व्होल्टेजवर घेतलेली पुढची सगळी मापं दिशाभूल करतात.

फ्यूज

फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा असतो. फ्युएल पंपाचा फ्यूज बहुधा १५ किंवा २० अँपिअरचा. उपटायची गरज नाही. त्याच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात. मीटरची काळी वायर बॅटरीच्या मायनसला, लाल आळीपाळीने दोन्ही ठिपक्यांवर. दोन्हीकडे व्होल्टेज आलं तर फ्यूज शाबूत, एकीकडेच आलं तर उडालेला. दोन्हीकडे शून्य आलं तर घाई करू नका. काही गाड्यांत हा फ्यूज रिलेच्या पलीकडे असतो आणि त्याच्यावर वीज फक्त त्या दोन-तीन सेकंदांतच येते. अशा वेळी चावी बंद करून फ्यूज काढा आणि मीटर कंटिन्युइटीवर (तार अखंड असेल तर बीप वाजवणाऱ्या खुणेवर) ठेवून बीप वाजतो का पाहा.

उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा लावा, एकदाच. पुन्हा उडाला तर थांबा. फ्यूज सहसा म्हातारा होऊन उडत नसतो, पुढे कुठेतरी वायर बॉडीला टेकलेली असते किंवा पंप जाम झालेला असतो. १५ च्या जागी ३० चा लावणाऱ्याला मी हात जोडून सांगेन, असं करू नका. मग फ्यूजऐवजी वायर तापते, आणि ती वायर थेट टाकीपर्यंत जाते.

रिले हातात घेण्याआधी त्याला बोट लावा

नकाशावरून रिले शोधा. लहान काळा ठोकळा, काडेपेटीच्या निम्म्याएवढा. बहुतेक बॉनेटखाली बॅटरीच्या बाजूच्या पेटीत असतो, काही गाड्यांत डॅशबोर्डखाली. डॅशबोर्डखाली काम असेल तर पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, ते एअरबॅगचे असतात. आणि काही गाड्यांत रिले फ्यूज बॉक्सच्या आतल्या पत्र्यावरच सोल्डर केलेला असतो, उपटून येत नाही. तसं असेल तर घरचं काम इथे थांबलं.

रिलेवर बोट ठेवा आणि कोणाला तरी चावी 'ऑन' करायला सांगा. बोटाला एक टिक जाणवली पाहिजे आणि दोन-तीन सेकंदांनी दुसरी. शेजारच्या रिलेची टिक आपल्या बोटाला लागते, म्हणून दोन-तीनदा करून खात्री करा.

इथेच बहुतेक लोक चुकतात, म्हणून जरा थांबतो. रिलेच्या पोटात दोन वेगळी मंडळं असतात. एक कॉइल, जिला जेमतेम ०.१५ अँपिअर लागतात. दुसरी कॉन्टॅक्टची जोडी, जिच्यातून पंपाचे चार ते आठ अँपिअर जातात. टिक येते ती कॉइलने पट्टी ओढल्याची. पट्टी जागेवर गेली, पण तिच्या टोकावर काजळी धरली असेल तर टिक वाजूनही पंपाला वीज मिळत नाही. 'टिक येतेय म्हणजे रिले चांगला' असं फोनवर ऐकलं की मी म्हणतो, अर्धा चांगला. टिक नसेल तर मात्र कॉइल मेली आहे किंवा तिला कॉम्प्युटरकडून हुकूमच मिळत नाही.

अदलाबदल

हातात मीटर नसेल तर हीच तुमची सर्वात चांगली तपासणी. हॉर्न, एसी किंवा रेडिएटर पंख्याचा रिले अनेकदा हुबेहूब तोच असतो. हुबेहूब म्हणजे अंगावरचा नंबर, अँपिअर आणि छापलेली पिनांची आकृती, तिन्ही सारखी. नुसता आकार सारखा असून चालत नाही. पाच पिनांच्या रिलेत ८७ए नावाची एक पिन असते, ती रिले बंद असताना जोडलेली असते. चुकीच्या जागी तो बसला तर भलतंच काहीतरी कायम चालू राहील.

चावी काढा. आधी फोनवर फोटो घ्या. रिले सरळ वर ओढा, किंचित डावं-उजवं हलवत. पक्कड लावू नका, टरफल तडकतं आणि पावसाळ्यात आत पाणी जातं.

हॉर्नचा रिले पंपाच्या जागी लावल्यावर गाडी सुरू झाली, तर अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं असं की संशयित रिले हॉर्नच्या जागी लावा आणि हॉर्न दहा-वीसदा वाजवा. एकदा जरी हुकला तरी चोर सापडला. हॉर्न दर वेळी वाजला तर मात्र रिले कदाचित निर्दोष आहे आणि उपटून बसवताना सॉकेटमधला मळ निघाल्यामुळे गाडी सुरू झाली असेल. सिडकोतल्या एका काकांची गाडी अशीच तीनदा 'दुरुस्त' झाली होती. तिन्ही वेळा नवा रिले, आणि दोष सॉकेटमधल्या सैल झालेल्या पितळी पकडीत.

म्हणून रिले निघालाच आहे तर पिना आणि सॉकेट टॉर्चने पाहा. हिरवा थर म्हणजे ओल. निळसर-तपकिरी पिन किंवा आजूबाजूचं प्लास्टिक फुगलेलं म्हणजे तिथे उष्णता झाली. फुगलेल्या सॉकेटमध्ये नवा रिले लावू नका, तोही जळेल.

टेबलावर, गाडीपासून लांब

आता रिले घरात आणा. पिनांना बहुधा ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. हे जर्मन मानकातले आकडे जगभर चालतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ३० वर वीज येते, ८७ वरून पंपाकडे जाते. काही जपानी धर्तीच्या रिलेंवर आकडे वेगळे असतात, तिथे अंगावरची आकृती वाचा.

मीटर ओहमवर. ८५-८६ मध्ये साधारण ५० ते १२० ओहम दिसले पाहिजेत. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटली, प्रश्न मिटला. ३०-८७ मध्ये काहीही दिसता कामा नये. बीप वाजला तर कॉन्टॅक्ट चिकटलेत.

कॉइलला १२ व्होल्ट द्यायचे तर लोक रिले सरळ गाडीच्या बॅटरीशी नेतात. तसं करू नका. ती बॅटरी चुकीच्या स्पर्शाला शेकडो अँपिअर सोडते. घरातल्या वायफाय राउटरचा १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर या कामाला उत्तम. चूक झाली तर तो फार तर बंद पडेल. प्लस ८६ ला, मायनस ८५ ला. कॉइलशेजारी डायोडचं चिन्ह छापलेलं असेल तर आकृतीप्रमाणेच जोडा, उलटं जोडलं तर डायोडमधून शॉर्ट होतो. टिक आली की ३०-८७ मध्ये मीटरने जवळजवळ शून्य दाखवलं पाहिजे. मीटरच्या वायरींचा स्वतःचा अर्धा-पाव ओहम वजा करा.

इथे पुन्हा सावध. मीटर कॉन्टॅक्टमधून नखाएवढा करंट पाठवतो. काजळलेला कॉन्टॅक्ट तेवढा पार करतो आणि पंपाच्या पाच अँपिअरला दगा देतो. खरी परीक्षा लोड टाकूनच, म्हणजे पंपाएवढा करंट रिलेतून नेऊनच. माझ्याकडे जुन्या यूपीएसची १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणि ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब आहे, तो साधारण साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे पंपाच्या बरोबरीचा. बॅटरीच्या प्लसपाशी १० अँपिअरचा फ्यूज, मग ३०, ८७, मग बल्ब आणि तिथून बॅटरीचा मायनस. कॉइलला अडॅप्टर तसाच. बल्ब लागल्यावर मीटर व्होल्टवर ठेवून ३० आणि ८७ यांच्यामध्ये मोजायचं. ०.१ च्या आत असेल तर उत्तम, ०.२ च्या पुढे गेला तर रिले टाकून द्या, बल्ब कितीही लख्ख पेटलेला असो. बल्ब विटेवर ठेवा, तो भराभर तापतो.

आणि ज्या गाडीची तक्रार 'दुपारीच बंद पडते' अशी आहे, तिच्या रिलेला हेअर ड्रायरने दोन-तीन मिनिटं गरम करा आणि मग पंचवीस-तीस वेळा चालू-बंद करा. एप्रिल-मेमध्ये नाशकात बाहेरच ४० अंश असतात, बॉनेटखालचं विचारू नका. रिलेच्या आत पिनेच्या मुळाशी सोल्डरला केसाएवढी चीर असते, ती थंडीत जुळते आणि उष्णतेत उघडते. थंड रिले शंभरदा पास होतो. मेहुण्यांच्या गाडीचा रिले गरम केल्यावर सातव्या वेळी हुकला. तोवर तेही म्हणत होते, "भाऊजी, राहू द्या, हा चांगला दिसतोय."

सॉकेटचे चार प्रश्न

रिले चांगला ठरला, तरी पंप गप्प. आता सॉकेट. मीटरची टोकदार सळई भोकात खुपसू नका, त्यानेच पितळी पकड सैल होते आणि नवा आजार सुरू होतो. रिलेच्या पिनेएवढ्या रुंदीचं चपटं टर्मिनल पाच-दहा रुपयांत मिळतं, ते हलकेच बसवा आणि त्यावर मोजा. आणि रिले उलटा धरून पाहिला की डावं-उजवं बदलतं हे ध्यानात ठेवा. मी सॉकेटवर कागदी चिकटपट्टी लावून आकडे लिहून घेतो.

पहिला प्रश्न, ३० नंबरच्या भोकात बॅटरीची वीज आहे का? काळी वायर बॅटरी मायनसला ठेवून. काही गाड्यांत इथे कायम असते, काहींत चावी 'ऑन' केल्यावर येते. नसेल तर फ्यूजकडे मागे जा.

दुसरा आणि तिसरा एकत्र विचारता येतात. मीटरची दोन टोकं ८५ आणि ८६ च्या भोकांना लावा आणि चावी 'ऑन' करायला सांगा. दोन-तीन सेकंद १२ व्होल्ट दिसून गेले तर हुकूम बरोबर येतोय. काहीच दिसलं नाही तर वेगळं करून पाहा. एका भोकात चावीसरशी प्लस येतो, बहुधा मुख्य रिलेमार्फत. दुसऱ्याला कॉम्प्युटर तेवढ्याच सेकंदांपुरता मायनसला ओढतो, तो पाहायला लाल वायर बॅटरी प्लसला आणि काळी त्या भोकाला. प्लस नसेल तर मुख्य रिले आणि त्याचा फ्यूज बघा. मायनसच येत नसेल तर थांबा. तिथे बल्बचा टेस्ट लॅम्प मुळीच लावू नका. पाच वॅटचा बल्बसुद्धा कॉइलच्या दुपटीहून जास्त करंट ओढतो आणि कॉम्प्युटरचा ट्रान्झिस्टर उडवू शकतो. हजाराच्या कामाचं मग मोठ्या खर्चात रूपांतर होतं.

चौथा, ८७ नंबर पंपापर्यंत पोचतो का? चावी बंद, ८७ वर व्होल्ट शून्य आहेत याची खात्री करून ओहमवर बॉडीशी मोजा. पंप जोडलेला असेल तर काही ओहम दिसतात. काहीच दिसलं नाही तर वायर तुटलीय, अर्थिंग सुटलंय किंवा पंपाचे ब्रश संपलेत. याच वायरीवर इतर गोष्टीही जोडलेल्या असू शकतात, त्यामुळे हे माप इशारा म्हणून घ्या. दिंडोरी रोडला द्राक्षाच्या मळ्यात गाडी लावणाऱ्या एका मामांच्या गाडीत इथेच काही दिसलं नाही. मागच्या सीटखाली उंदराने पंपाची वायर दोन बोटं लांबीची खाऊन टाकली होती.

जोडवायर, आणि ती कधी वापरायची नाही

३० आणि ८७ वायरीने जोडले की पंप थेट चालतो. पंप फिरला तर दोष रिलेच्या किंवा हुकमाच्या बाजूला, नाही फिरला तर पंपाच्या बाजूला. तपासणी खरी आहे, पण मी ती सगळ्यात शेवटी ठेवतो. अटी अशा: बॉनेटपाशी पेट्रोलचा वास शून्य, गाडी उघड्यावर, वायर जाड, तिच्यात १५ अँपिअरचा फ्यूज आणि एक स्विच. स्विच बंद ठेवून दोन्ही टोकं बसवायची, मग स्विच चालू करायचा, म्हणजे ठिणगी भोकात उडत नाही. पाच सेकंद, बस्स.

ही वायर लावून गाडी चालवायची नाही. मेकॅनिक म्हणेल, 'घरापर्यंत जाईल साहेब.' जाईलही. एक शेजारी घोटीहून अशा वायरीवर आले. फ्यूज नव्हता, वायर बारीक होती, घरी पोचेपर्यंत तिचं प्लास्टिक वितळून झाकणाला चिकटलं होतं. त्याहून वाईट म्हणजे वाटेत ठोकर झाली असती तर इंजिन बंद पडूनही पंप पेट्रोल फेकत राहिला असता. इंजेक्शनच्या गाडीत पाइपात साधारण तीन-चार बारचा दाब असतो, फवाराच उडतो. कुटुंब गाडीत बसलेलं असताना हा धोका पत्करण्यासारखा नाही.

हीच तक्रार रस्त्यात आली तर तिथे बॉनेट उघडून यातलं काही करू नका. धोक्याचे दिवे लावा, माणसं कठड्यापलीकडे उभी करा, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करा.

इथून पुढे जाणकाराकडे

पेट्रोलचा वास किंवा ओल, फ्यूज दुसऱ्यांदा उडणं, वितळलेलं सॉकेट, कॉम्प्युटरकडून हुकूम न येणं, हे वर सांगितलंच. पंपापर्यंत वीज पोचतेय आणि तो फिरत नाही, म्हणजे टाकी उघडायची वेळ आली. ते घरी करू नका. पाइपातला दाब आधी उतरवावा लागतो आणि टाकीचं तोंड उघडलं की वाफ गाडीच्या आत भरते. गाडी वॉरंटीत असेल तर सॉकेटलाही हात न लावता सर्व्हिस सेंटरला न्या. सीएनजी किट बाहेरून बसवलेलं असेल तर किटवाल्याने पंपाची वायर मध्ये तोडून स्वतःचा रिले घातलेला असू शकतो, तिथे वर सांगितलेली मापं जुळणार नाहीत. त्याच माणसाला बोलवा.

आणखी एक प्रसंग. नवा, चांगल्या कंपनीचा रिले महिना-दोन महिन्यांत पुन्हा जळला. मग पंप जास्त करंट ओढतोय. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे क्लँप मीटर, म्हणजे वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर असतो, त्याच्याकडून चालत्या पंपाचे अँपिअर मोजून घ्या. सहा-सातच्या जागी दहा-अकरा आले तर पंपाची अखेर जवळ आलीय, आणि तोवर तो रिले खात राहील. टाकीतलं पेट्रोलच पंपाला थंड ठेवतं. सीएनजीच्या गाड्यांत लोक महिनोन्‌महिने काटा लाल रेषेवर ठेवतात, आणि बाहेरून बसवलेल्या अनेक किटमध्ये गॅसवरही पंप आत फिरत असतो. पाव टाकी कायम ठेवा, सीएनजी असो वा नसो.

जुळणी झाल्यावर इंजिन पूर्ण तापवा, गंगापूर धरणापर्यंत एक फेरी मारून या, आणि तापलेल्या अवस्थेत पाच-सहा वेळा बंद-चालू करा. नव्या रिलेवर मार्करने महिना-वर्ष लिहा. जुना चांगला निघाला असेल तर पुडीत बांधून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. फ्यूज बॉक्सचं झाकण लावताना सगळे क्लिप बसल्याचा आवाज ऐका. एक सुटा राहिला तर त्र्यंबकच्या पावसात पाणी थेट सॉकेटवर पडतं. आणि गाडी धुवायला दिली की बॉनेटखाली प्रेशरने पाणी मारू नका असं आधीच सांगा. मी तर तिथे उभाच राहतो.